पदे विसरली, प्रार्थना राहिली
सार्जंट श्रायव्हर (१९१५-२०११) : एका प्रापंचिकाच्या दीर्घ आयुष्याचा धडा



आपल्या धर्मग्रामातील एखादी वयोवृद्ध व्यक्ती देवाघरी जाते, तेव्हा अंत्यविधीच्या वेळी तिचा परिचय वाचला जातो. अमुक साली सोसायटीचे चेअरमन, तमुक साली शाळा समितीचे सदस्य, पाच मुले, बारा नातवंडे. आपण शांतपणे ऐकतो. पण घरी परतताना लोक वाटेत बोलतात ते वेगळेच असते. 'आमच्या बाबांना रात्री दोन वाजता स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेले होते हो त्यांनी!' पदांच्या यादीपेक्षा वाटेवरची ही साक्ष मोठी असते.

अशी यादी आणि अशी साक्ष, दोन्ही ज्यांच्या मागे राहिली अशा एका प्रापंचिक कॅथलिक माणसाची आज ओळख करून घेऊ. ते अमेरिकेचे होते, मोठ्या घराण्याचे जावई होते. तरीही त्यांच्या आयुष्यातील प्रश्न आपल्याच घरातले आहेत.

१. घरची शिदोरी

रॉबर्ट सार्जंट श्रायव्हर यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१५ रोजी मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे झाला. घर श्रद्धाळू होते. बाल्टिमोरचे कार्डिनल जेम्स गिबन्स हे कुटुंबाचे स्नेही. वडिलांचा व्यवसाय पैशांच्या गुंतवणुकीचा. १९२९ च्या मंदीत तो बुडाला आणि सुखवस्तू घराला ओढाताणीचे दिवस आले. गरिबी म्हणजे आळशीपणाचे फळ नव्हे, हे मुलाने घरातच पाहिले.

येल विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. ग्वाडलकनालच्या लढाईत ते जखमी झाले. युद्धानंतर नोकरीच्या निमित्ताने ते शिकागोला आले. तेथे त्यांनी शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले आणि कृष्णवर्णीय व गोरे यांच्यातील भेदभाव दूर करण्यासाठी झटणाऱ्या कॅथलिक संघटनेचेही नेतृत्व केले. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणारे लोक शाळेच्या दाराशी मात्र वेगळे का होतात, असा हा प्रश्न होता.

२. कुटुंब : अंगणातून जगाकडे

२३ मे १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांचा विवाह युनिस केनेडी यांच्याशी झाला. युनिस म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांची बहीण. या दांपत्याला चार मुलगे आणि एक मुलगी झाली.

युनिस यांची थोरली बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अपंगत्व होते. त्या काळी अशी मुले घराच्या आतल्या खोलीत किंवा दूरच्या संस्थेत ठेवली जात. लोक त्यांच्याविषयी बोलायचेही टाळत. १९६२ च्या उन्हाळ्यात युनिस यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांचे शिबिर भरवले. पोहणे, धावणे, चेंडू खेळणे असा कार्यक्रम होता. श्रायव्हर यांची स्वतःची मुलेही त्यांच्यात खेळत. या अंगणातील खेळातून स्पेशल ऑलिम्पिक्सची चळवळ उभी राहिली. २० जुलै १९६८ रोजी शिकागोत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा सुमारे एक हजार खेळाडू आले होते. आज आपल्या देशातील विशेष मुलेही या स्पर्धांत धावतात आणि पदके आणतात.

या कार्याची सुरुवात पत्नीची. पतीने त्यात कमीपणा मानला नाही. १९८४ साली ते या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि पुढे अनेक वर्षे तिची धुरा वाहिली. आपल्याकडे पतीच्या कामाला पत्नीने हातभार लावावा हे ठरलेलेच असते. पत्नीच्या कामाला पतीने हातभार लावला, अशी उदाहरणे किती सापडतील?

३. लोकसेवा : गरिबाशेजारी बसणे

१ मार्च १९६१ रोजी अमेरिकेत 'पीस कोअर' ही योजना सुरू झाली. श्रायव्हर तिचे पहिले संचालक. तरुणांनी परदेशी जावे, तेथील भाषा शिकावी, लोकांमध्ये साधेपणाने राहावे आणि शाळा, शेती, आरोग्य या कामांत दोन वर्षे हातभार लावावा, अशी ती कल्पना. त्याच वर्षी श्रायव्हर भारतात येऊन पंडित नेहरूंना भेटले. पहिली छोटी तुकडी पंजाबात आली. १९७६ पर्यंत हे स्वयंसेवक आपल्या देशात काम करत होते. गावोगावी कुक्कुटपालन वाढवण्याचे काम त्यांपैकी अनेकांनी केले.

१९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्धच्या मोहिमेची जबाबदारी श्रायव्हर यांच्यावर सोपवली. १९६५ च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' योजनेत पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक गरीब मुले आली. शाळेआधीचे शिक्षण, पोषक आहार आणि वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी, साधारण आपल्याकडे १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीसारखी सोय. शिवाय गरिबांना मोफत कायदेशीर मदत आणि तरुणांना कामाचे प्रशिक्षण. गरिबांसाठीच्या योजना ठरवताना गरिबांनाही त्यात स्थान हवे, हा त्यामागचा विचार.

दान देणारा उभा आणि घेणारा वाकलेला, हे चित्र आपल्याला सवयीचे आहे. श्रायव्हर यांना दोघे एका बाकावर हवे होते. भुकेल्याला, तहानेल्याला, परक्याला जे केले ते मलाच केले, असे प्रभू येशू मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगतो. प्रभूलाच जर आपण वाढत असू, तर उपकाराची भाषा तोंडी कशी येईल?

४. अपयशही आले

सारे काही सरळ झाले नाही. व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढत गेला आणि गरिबीविरुद्धच्या मोहिमेला पैसा अपुरा पडला. १९७२ साली ते उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांच्या पक्षाला पन्नासपैकी एकच राज्य जिंकता आले. १९७६ साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांची आणि युनिस यांची भूमिका स्वपक्षातील अनेकांना रुचत नसे. तरी त्यांनी ती सोडली नाही.

हरल्यावर माणूस कडवट होतो. गावच्या निवडणुकीत पडलेले कित्येक जण पुढे चर्चच्या कामातही दिसेनासे होतात. श्रायव्हर मात्र पुन्हा विशेष मुलांच्या कामाला लागले. त्यांचा दिवस मिस्साने सुरू होई आणि खिशात जपमाळ असे. पद हा त्यांच्या सेवेचा एक मार्ग होता. तो बंद झाला तेव्हा त्यांनी दुसरा धरला.

५. विसरण्याचा आजार

२००३ साली त्यांना अल्झायमर झाल्याचे निदान झाले. एकेकाळी भाषणांनी सभा गाजवणाऱ्या माणसाची स्मृती हळूहळू पुसली जाऊ लागली. आपण काय काय उभे केले तेही आठवेना, घरची माणसे ओळखेनात. मुलगा मार्क याने वडिलांवर २०१२ साली पुस्तक लिहिले. 'तुमची स्मृती जाते आहे, कसे वाटते?' असे त्याने एकदा वडिलांना विचारले. देवाने जे दिले आहे त्यात जमेल तेवढे चांगले करतो आहे, अशा अर्थाचे उत्तर आले. मिस्साला जाणे आणि प्रार्थना म्हणणे मात्र सुटले नाही. सत्तर-ऐंशी वर्षे रोज ओठांवर असलेले 'नमो मारिये' बाकीच्या आठवणींपेक्षा खोल रुजले होते.

११ ऑगस्ट २००९ रोजी युनिस गेल्या. १८ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, श्रायव्हरही गेले. त्यानंतर मार्कला ठिकठिकाणी माणसे भेटत राहिली. हॉटेलात वाढणारी बाई, कचरा उचलणारा माणूस. सारे एकच सांगत, की तुझे वडील भले माणूस होते. हीच ती वाटेवरची साक्ष.

आपल्यासाठी बोध

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) सांगितले, की पावित्र्याचे पाचारण केवळ धर्मगुरू आणि धर्मभगिनींना नाही. प्रापंचिकांनी ते घर, नोकरी आणि सार्वजनिक जीवन यांतूनच साधायचे आहे. श्रायव्हर यांना घर, सेवा आणि चर्च असे आयुष्याचे तीन कप्पे करावे लागले नाहीत.

आणखी एक गोष्ट. आज आपल्याही घरांत स्मृती हरवलेले आजी-आजोबा आहेत. 'त्यांना आता काही कळत नाही, मिस्साला कशाला न्यायचे?' असे आपण म्हणतो. तू म्हातारा होशील तेव्हा दुसराच कोणी तुझी कंबर बांधेल, असे उठलेल्या प्रभूने पेत्राला सांगितले होते. ज्यांनी आपल्याला बोट धरून चर्चमध्ये आणले, त्यांचा हात धरण्याची पाळी आता आपली आहे. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून सावकाश जपमाळ म्हणून पाहा. कदाचित नाव विसरलेले ओठ आपल्याबरोबर हलू लागतील. न हलले, तरी देव त्यांना विसरलेला नाही.

कुटुंबात किंवा छोट्या ख्रिस्ती समूहात चिंतनासाठी :

१. आपल्या आळीतील विशेष मुले आणि त्यांचे आईवडील आपल्या सणा-समारंभांत सहभागी असतात का?
२. मदत करताना गरजू व्यक्तीचे म्हणणे आपण आधी ऐकून घेतो का?
३. अंथरुणाला खिळलेल्या कोणत्या वृद्ध व्यक्तीकडे या आठवड्यात आपण प्रार्थनेसाठी जाणार आहोत? नाव ठरवूनच उठू या.