माळावरील चराईचा हक्क व कुरणाची राखण

निरवांगी व नीराकाठच्या इतर गावांतील मेंढपाळ इंदापूर-बारामतीच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या कळप चारीत आले आहेत. याच माळांवर चिंकारा व लांडगा राहतात; सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. राखीव क्षेत्रात चराईवर निर्बंध असतात. वहिवाटीची नोंद नसल्यास मेंढपाळ अतिक्रमक ठरतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायिक व फिरत्या पशुपालकांचा वनजमिनीवरील चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. बिगर-आदिवासी दावेदारांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. दावा ग्रामसभेपुढे मांडावा व किमान दोन पुरावे जोडावेत. दावेदारांखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते वेळीच लिहून घ्यावे. वृद्ध माणसे गेल्यावर ही साक्ष मिळत नाही.

वन व वन्यप्राणी राखण्याचे कर्तव्यही याच कायद्यात सांगितले आहे. पावसाच्या आरंभी कोवळे गवत चरल्यास मुळे दुबळी होतात. म्हणून माळाचे भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. मारवेल व पवन्या यांचे बी गळेपर्यंत एक भाग बंद ठेवावा. हे नियम ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून दाव्यासोबत जोडावेत.