पायाची जखम भरत नसेल तर...

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांमध्ये आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो, "साधी जखम आहे, भरेल आपोआप." कांदा काढताना खुरपे लागते, भातलावणीत काटा रुततो, नवी चप्पल चावते. अशी जखम दोन आठवड्यांतही सुकायला लागली नाही, तर नुसते मलम बदलून उपयोग नाही. बऱ्याचदा पायापर्यंत पुरेसे रक्तच पोचत नसते.

विडी-सिगारेट, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि वाढते वय यांमुळे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. तंबाखू-मिश्रीतले निकोटीनही त्या आकसवते.

ओळखायचे कसे?
लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना पोटरी दुखते, थांबले की बरे वाटते. पाऊल गार पडते. रात्री बोटे ठणकतात, पाय खाटेखाली सोडला की आराम पडतो. मधुमेहात मात्र बधिरपणामुळे जखम दुखतही नाही. म्हणून रोज तळवा आरशात पाहावा.

पट्टी कशी करावी?
१. हात साबणाने धुवा.
२. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने जखम हळू धुवा.
३. बोटांच्या बेचक्या नीट टिपून कोरड्या करा.
४. जखमेला न चिकटणारी जाळीची पट्टी व वर स्वच्छ गॉज ठेवा.
५. बँडेज सैल गुंडाळा. बोट आत जाईल एवढी जागा हवी.
६. पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हा बदला. भिजली किंवा मळली तर लगेच बदला.

बोट काळे पडून सुकले असेल, तर ते भिजवू नका, ओढू नका. कोरडे झाकून दवाखान्यात जा.

हे करू नका
हळद, चुना, राख, तंबाखू, स्पिरिट जखमेत घालू नका. गरम पाण्यात पाय बुडवू नका, शेकू नका. बधिर पाय भाजलेला कळत नाही. घट्ट क्रेप बँडेज बांधू नका. घोट्याजवळ फुगलेल्या शिरांच्या जखमेला दाबाची पट्टी उपयोगी पडते. पण रक्त कमी पोचणाऱ्या पायाला तीच घातक ठरते. म्हणून शेजाऱ्याचा उपाय आपल्या पायावर नको.

कुठे जावे?
जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय. तिथे साखर तपासा आणि "पावलाची नाडी लागते का, पाहा," असे स्वतःहून सांगा. मोठ्या उपचारासाठी पुण्याला ससूनला पाठवले, तर जायला उशीर करू नका. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा.

लाली पसरली, पू किंवा दुर्गंधी आली, ताप भरला, तर त्याच दिवशी जा. पाय एकाएकी गार, पांढरा पडून असह्य दुखू लागला, तर एक तासही थांबू नका.

जखमेला वास येतो म्हणून म्हातारी माणसे पाय लपवतात. तथागतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपण निदान घरातल्या आजी-आजोबांचे पाय रोज पाहू. मजुरीवर चालणाऱ्या घरात एक पाय गेला, तर सारे घर बसते. तो वेळेत वाचवणे आपल्या हातात आहे.