बहात्तर पटींनी लहान

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभा असलेला अनुभवी कोळी दूर समुद्रावरची नौका पाहून ती कोणत्या घडणीची आहे, हे सांगू शकतो. नौकेवरचे नाव इतक्या दुरून वाचता येत नाही, रंगही धड कळत नाही. परंतु तिच्या नाळेचा उठाव आणि तिची एकंदर ठेवण त्याच्या डोळ्यांत बसलेली असते. आकाशातील विमान ओळखण्याची विद्याही अशीच आहे.

दुसऱ्या महायुद्धात या विद्येवर माणसांचे प्राण अवलंबून होते. डोक्यावरून जाणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ठरवावे लागे. चूक झाली, तर आपल्याच वैमानिकावर तोफ डागली जाई. म्हणून १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. प्रमाण ठरले होते एकास बहात्तर. या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. अशी प्रतिकृती दहा मीटरवर धरली, की खरे विमान ७२० मीटरवरून जेवढे दिसेल तेवढीच ती दिसते. शाळेच्या पटांगणात उभे राहून आकाश वाचायला शिकावे, असा तो प्रकार होता. पंख जरा जाड झाले किंवा शेपूट आखूड झाले, तर शिकणाऱ्याची नजर चुकीचीच तयार होणार!

आज छंद म्हणून जमवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींतही हे प्रमाण रूढ आहे. मिग-२१ या जेट विमानाचेच पाहा. त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, प्रतिकृतीत तो दहा सेंटिमीटरच्या आत येतो, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. येथे गणिताची एक गंमत आहे. लांबी बहात्तर पटींनी घटते, परंतु घनफळ घटते ३,७३,२४८ पटींनी. सुमारे साडेआठ टनांचे विमान त्या हिशेबाने अवघ्या २३ ग्रॅमांचे व्हावे! प्रत्येक गोष्ट मात्र अशी लहान करता येत नाही. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा या प्रमाणात वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ होईल, आणि तसा तो प्लास्टिकमध्ये ओतता येणार नाही. तेथे कारागिराला थोडे खोटे बोलावेच लागते. चांगला कारागीर ते खोटे जिथे नजर जात नाही तिथे लपवतो.

मिग-२१ भारतीय वायुदलात १९६३ साली आले. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारे ते आपले पहिले लढाऊ विमान. पुढे नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात अशी शेकडो विमाने तयार झाली. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर अग्निबाणांचा मारा केला. त्याच दिवशी गव्हर्नरने राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्य शरण आले. पण याच विमानाच्या अपघातांत आपले अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. काचेच्या कपाटात चमकणाऱ्या प्रतिकृतीवर त्याची एकही खूण नसते. संग्रह करणाऱ्याने ती गोष्ट आठवणीने जाणून घ्यावी.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे वायुदलाने या विमानाला निरोप दिला. त्याचा आकार जवळून न्याहाळायचा, तर आता संग्रहालयात जावे किंवा प्रतिकृती जोडावी. जोडताना घाई करू नये. नाकाच्या तोंडात बसवलेला शंकू केवळ शोभेचा नाही. अतिवेगाने आत शिरणारी हवा इंजिनाला मानवेल इतकी मंद करण्याचे काम तो करतो आणि त्याच्या पोटात रडार असते. रंगाचेही तसेच. १९६३ साली आलेली विमाने उघड्या धातूची, चांदीसारखी होती; हिरवे पट्टे नंतरचे. म्हणून रंगाची बाटली उघडण्यापूर्वी आपण कोणत्या सालचे विमान करीत आहोत, हे ठरवावे. नाकावरून पुढे आलेली लांब नळी सर्वांत शेवटी चिकटवावी, कारण मोडते ती आधी. बारीक आहे म्हणून तिला वगळू मात्र नये. तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरूनच वैमानिकाला आपला वेग कळत असे.