कुत्र्यास दवाखान्याची संवय

पिंपळी, बारामती, इंदापूर ह्या बाजूस मळ्यांतील वस्ती कुत्र्यावांचून क्वचितच आढळते. उंसाच्या कडेला राखण करणारा, मेंढरांच्या वाड्याभोंवतीं रात्र जागून काढणारा, शाळेंत निघालेल्या मुलांस बांधापर्यंत पोंचवून परत फिरणारा हा प्राणी घरांतील माणसांइतकाच घराचा असतो. त्याच्या भाकरीची आठवण सर्वांस असते, परंतु त्याच्या औषधपाण्याचा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळ घरीं एकच उत्तर ऐकूं येतें : "तो दवाखान्यांत कोणाला हात लावूं देत नाहीं." प्रस्तुत लेखांत ह्याच उत्तराचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गोष्ट लहान नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यापासून होणारा रेबीज हा रोग असा आहे कीं, त्याचीं लक्षणें एकदां प्रकट झालीं म्हणजे रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मायस्टर नांवाच्या, कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलास ह्या रोगावरील लस टोंचण्यास आरंभ केला, व तो मुलगा वांचला. चावा झाल्यावर माणसास लस देतां येते हें खरें. परंतु कुत्र्यासच आधीं लस दिली असतां रोगाची वाट मुळांतच अडविली जाते. जो कुत्रा भीतीमुळें सुईखालीं उभा राहत नाहीं, त्याची लस एका वर्षीं चुकते, दुसऱ्या वर्षीं चुकते, आणि त्याच्या गळ्यांत हात टाकून खेळणारीं लेंकरें धोक्यांत राहतात. तेव्हां कुत्र्याची भीति घालविणें हे त्याचे फाजील लाड नव्हेत. तें घराचें संरक्षण होय.

साधनेंहि आतां दूर राहिलेलीं नाहींत. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झालें. त्याच्या शेजारींच बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. पुढें ही विद्या वाढत वाढत तालुक्याच्या गांवापर्यंत व त्याहीपलीकडे येऊन पोंचली. विद्या आहे, लस आहे, वैद्य आहे. उरतें तें इतकेंच कीं, जनावर सुईपर्यंत शांतपणें पोंचावें. हें काम वैद्याच्या दोन मिनिटांत होण्यासारखें नाहीं. तें आधीं घरीं व्हावयास पाहिजे.

कुत्रा दवाखान्यास कां भितो ह्याचा त्याच्या बाजूनें विचार करावा. वर्षांतून एखादे दिवशीं त्याच्या गळ्यांत दोरी पडते, त्यास गाडींत कोंबतात, अनोळखी औषधांच्या वासांत आणून उभा करतात, चौघे जण दाबून धरतात, आणि मग सुई टोंचते. इतक्या गोष्टी एका माळेंत ओंवल्या गेल्यावर पुढील वर्षीं नुसती दोरी पाहूनच तो उंसांत पळाला, तर त्यांत नवल कोणतें? रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह, ज्यांस पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं दाखवून दिलें कीं, अन्नापूर्वीं दर वेळीं एक ठराविक खूण केली तर पुढें त्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. दोरी पाहून पळणारा कुत्रा तोच पाठ दुःखाच्या बाबतींत शिकलेला असतो. परंतु खुणेला जसें दुःख जोडलें जातें, तसें सुखहि जोडतां येतें. आपला शेतकरी खोंडास पहिल्याच दिवशीं नांगरास जुंपीत नाहीं. आधीं मानेला जुंवाची ओळख, मग जाणत्या बैलाच्या जोडीनें चार पावलें, आणि मग काम. कुत्र्याचें शिक्षणहि ह्याच रीतीनें व्हावें.

रोजचा पाठ दोन-तीन मिनिटांचाच असावा. कुत्रा स्वस्थ बसला असतां त्याच्या खांद्यास हात लावावा, व लगेच भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा द्यावा. कांहीं दिवसांनीं कान, मग पंजा, मग मानेवरील कातडी, मग ओठ उचलून दांत पाहणें, अशा क्रमानें पुढें जावें. स्पर्श आधीं व खाऊ मागून, हा क्रम उलटूं नये. खाऊ दाखवून जनावर जवळ बोलाविलें व मग पकडलें, तर तें खाऊलाच भिऊं लागतें. खाऊंत कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षें व बेदाणे कधींहि नसावेत. आपल्या भागांत द्राक्षांचे मळे आहेत म्हणून हें मुद्दाम सांगतों. द्राक्षांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात.

स्पर्शाची संवय झाल्यावर लुटुपुटीची तपासणी करावी. मानेची कातडी चिमटींत धरून सोडावी. ओल्या कापसानें ती जागा पुसावी. तेथें पेनाचें बोथट टोपण क्षणभर टेंकवावें. दर वेळीं खाऊ द्यावाच. नखें कापण्याचें हत्यार प्रथम नुसतें दाखवावें, मग पंजास लावावें, आणि मग एके दिवशीं एकच नख कापावें. नखाच्या आंत रक्ताची शीर असते. तिला धक्का लागला तर महिन्याचे कष्ट वायां जातात, म्हणून टोंकच तेवढें घ्यावें. शेपूट उचलूं देण्याचीहि संवय असावी, कारण ताप गुदद्वारांतून मोजतात. निरोगी कुत्र्याचें उष्णमान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. माणसाच्या मापानें तो ताप वाटेल, पण तो ताप नव्हे.

मळणीच्या वेळीं बैलांच्या तोंडास मुसकें घालतात, तसें कुत्र्यासहि कधीं कधीं घालावें लागतें. तें जाळीचें व तोंड उघडतां येईल इतकें ऐसपैस असावें. कारण कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. मुसक्यांत खाऊ ठेवून तें हातांत धरावें, व कुत्र्यानें आपण होऊन नाक आंत घालावें. पट्टा बांधण्याची घाई करूं नये.

ह्या सर्व शिक्षणांत कुत्र्याची भाषा वाचतां आली पाहिजे. भूक नसतां ओठ चाटणें, झोंप नसतां जांभई देणें, मान फिरविणें, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणें, शेपूट पोटाखालीं घेणें, हीं भीतीचीं लक्षणें होत. तीं दिसतांच हात काढून घ्यावा, व दुसरे दिवशीं एक पायरी मागून आरंभ करावा. आपण मान फिरविली कीं हात थांबतो, हें ज्या जनावरास कळतें, तें अधिक सोसतें. गुरगुरल्याबद्दल तर मुळींच मारूं नये. गुरगुर हा इषारा आहे. मारानें इषारा बंद होतो, भीति तशीच राहते, आणि मग कुत्रा न सांगतां चावतो.

लसीपूर्वीं एकदोन वेळां कुत्र्यास नुसतेंच दवाखान्यापर्यंत नेऊन, खाऊ देऊन, परत आणावें. लसीच्या दिवशीं इतर जनावरांपासून दूर, झाडाच्या सावलींत पाळीची वाट पाहावी. तपासणीचें टेबल निसरडें असल्यास त्यावर घरचें गोणपाट पसरावें. पाय घसरला कीं भीति दुणावते. कुत्रा भित्रा किंवा चावरा असल्यास वैद्यास आधींच सांगावें. इतकें करूनही तो आवरत नसेल तर शांत करणारें औषध वैद्यच देतील. माणसाच्या गोळ्या घरच्या घरीं देऊं नयेत. जखम, विषबाधा अशा प्रसंगीं मात्र संवयीची वाट पाहत बसूं नये, तत्काळ दवाखाना गांठावा.

पालकांस एक विनंति. ह्या पाठांच्या वेळीं वडील माणूस जवळ असावें. लहान मुलांनीं कुत्र्याचें तोंड धरूं नये. चुकून दांत लागलाच तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, मिरची, चुना कांहींहि न लावतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. चावणारा कुत्रा घरचा आहे म्हणून ह्यांत हयगय होऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, घरीं नवें पिलूं आलें असेल तर आरंभ आजच करा. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलूं नव्या गोष्टी सहज स्वीकारतें, आणि रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांचें झाल्यावर देतात. म्हणजे शिकविण्याचा काळ लसीच्या आधींच येतो. पुढील लसीची तारीख वैद्यास विचारून घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, व त्या तारखेपूर्वींचे पंधरा दिवस रोज दोन मिनिटें त्या मुक्या सोबत्यास द्या.