पेटीमास्तर आणि चाल

ख्रिस्ती उपासनेत पेटीवर बसणारा माणूस नेमके काय करतो, असे विद्यार्थी मला पुष्कळदा विचारतात. रविवारी सकाळी तासदीड तास पेटी वाजविली, की त्याचे आठवड्याचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भिंगारमधील एका मंडळीत मी बरीच वर्षे हे काम करीत आलो आहे. (मंडळी म्हणजे एका चर्चचा सारा सभासदसमाज.) त्या अनुभवावरून सांगतो, की वाजविणे हा ह्या कामाचा लहानसा भाग होय. मोठा भाग आहे तो चाल सांभाळण्याचा. चाल सांभाळणे म्हणजे काय, आणि मराठी मंडळीत ते काम पेटीमास्तराकडेच का आले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी जुन्या संगीत नाटकांची पुस्तके चाळली असतील. 1880 सालच्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून पुढे पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले शब्द छापलेले असत. वाचकाला ते दुसरे पद येते, हे त्यात गृहीत धरलेले होते. आमच्या गीतांच्या पुस्तकांतही हीच रीत पडली. शब्द छापले, आणि सूर मात्र कुणाच्या तरी गळ्यावर सोपविले. ज्या पदाकडे बोट दाखविले ते पद काळाच्या ओघात विसरले गेले, म्हणजे उरते ते नुसते बोट! नाटकांच्या पदांना पुढे ध्वनिमुद्रिकांनी वाचविले. रविवारच्या भजनांना ते भाग्य फारसे लाभले नाही. म्हणून ज्याला चाल येते तोच तिचे पुस्तक, आणि बहुधा तो पेटीवर बसलेला असतो.

हे संगीत आमच्या भागात आले कसे, हे थोडक्यात पाहू. भिंगार म्हणजे नगरला लागून असलेले छावणीचे गाव. 1803 साली इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला, आणि पुढे येथे लष्कराचा तळ वाढला. (त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, 1707 साली, औरंगजेब वारला तो येथेच, भिंगारजवळच्या आपल्या छावणीत. ज्याने दरबारातले गाणे थांबविले, त्याच्या अखेरच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर आम्ही दर रविवारी पेटी उघडतो, ह्याची मला अधूनमधून गंमत वाटते.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते 1831 साली. 1842 मध्ये त्यांनी येथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू केला. योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिराने पायाने भाता चालविण्याच्या हार्मोनियमचे पेटंट घेतले. ही पायपेटी मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आली, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची हातपेटी केली. बैठकीवर मांडी घालून वाजविता येईल असे वाद्य झाले म्हणूनच ती कीर्तनात, तमाशात, नाटकात आणि चर्चमध्ये सारखीच रुळली.

पहिल्या पिढीतील मिशनऱ्यांनी, विशेषतः हेन्री बॅलंटाइन ह्यांनी, मराठीत गीते केली ती मुख्यतः आपल्या मायदेशच्या चालींवर बसविण्यासाठी. नंतर कृष्णराव रत्नाजी सांगळे (1834–1908) ह्यांनी कीर्तनाचा देशी साचा ख्रिस्ती कथेसाठी वापरला आणि पदे रचली. त्यांच्या एका पदाची चाल तर उलट प्रवासाला निघाली. परदेशी गीतसंग्रहांत ती ‘तन मन धन’ ह्या नावाने छापलेली आढळते. त्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919). ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला संसार मांडला, आणि अभंग, ओवी, पद ह्या घरच्या वृत्तांत इतके लिहिले की ‘उपासना संगीत’ ह्या आमच्या पुस्तकाचा मोठा भाग त्यांचाच आहे.

अशा रीतीने एकाच पुस्तकात दोन घराणी नांदू लागली. मंडळीत ह्यांना सरळ ‘इंग्रजी चालीची गीते’ आणि ‘देशी चालीची भजने’ म्हणतात. एका उपासनेत दोन्ही होतात. त्यांमधला सांधा पेटीमास्तराला सांभाळावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

ती अडचण छंदाची आहे. इंग्रजी गीतांत एक फार प्रचलित साचा आहे: ओळींत अनुक्रमे 8, 6, 8, 6 अक्षरे, दर अक्षराला साधारण एक सूर. ओळीचे पहिले अक्षर हलके, दुसऱ्यावर आघात, तिसरे हलके, चौथ्यावर आघात. इंग्रजी शब्दांना आघाताची सवयच असल्याने ते ह्यात बरोबर बसतात. आपल्या मोठ्या अभंगातही अक्षरेच मोजतात: 6, 6, 6, 4. तेव्हा अक्षरसंख्या जुळविली की काम झाले, असे कुणाला वाटेल. तसे होत नाही. अभंगाचा चरण सुरू होतो तोच टाळाच्या जोरकस ठोक्यावर. शिवाय अक्षरछंदात प्रत्येक अक्षर सारखेच लांबवून म्हणण्याची रीत असल्याने ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार कान करीत नाही. इंग्रजी चालीत मात्र पहिले अक्षर ठोक्याच्या आधीच घसरून जाते आणि दुसऱ्यावर सारा भार येतो. ‘करुणा’ हा शब्द ओळीच्या आरंभी आला, की ‘क’ गिळला जातो आणि ‘रु’ एवढा ताणला जातो की ऐकणाराला ‘करूणा’ ऐकू येते. ‘देवा’ हा शब्द आला तर ‘दे’ निसटतो, आणि हाक मारणारा नुसता ‘वा’वर जोर देतो.

शब्द बदलण्याचा अधिकार पेटीवाल्याला नाही, चालही बदलता येत नाही. मग त्याने करावे काय? तो पहिल्या सुरावर भाता किंचित दाबतो, म्हणजे हलक्या अक्षरालाही थोडे वजन येते. दुसरा सूर जरा लवकर सोडतो, आणि उरलेला वेळ तिसऱ्या अक्षराला देतो. छापील स्वरलिपीत हे कोठेही नसते. परंतु मंडळी पेटीच्या मागे जाते, आणि ‘करुणा’ पुन्हा ‘करुणा’ होते. जुने पेटीमास्तर हे न शिकविता करीत असत. पाश्चात्त्य पद्धतीने शिकून आलेला एखादा हुशार मुलगा हीच चाल घड्याळासारखी बिनचूक वाजवितो, आणि शब्दांचे हाल का होतात ते त्याला कळत नाही. मला विचाराल तर मराठी मंडळीला ह्या मुलापेक्षा त्या जुन्या मास्तराची गरज अधिक आहे.

दुसरी गोष्ट पट्टीची. पुरुष साधारण काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये मोकळे गातात, तर बायकांना काळी चारच्या आसपास बरे पडते. ह्या दोहोंत जवळजवळ षड्ज-पंचमाचे अंतर आहे, आणि मंडळीत तर दोघे एकत्र गातात. मैफलीचा कलावंत आपल्या गळ्याची पट्टी धरतो. पेटीमास्तराला मात्र स्वतःचा गळा विसरून तिसऱ्या ओळीतल्या आजीबाईंचा आणि मागच्या बाकावरच्या आवाज फुटलेल्या पोराचा विचार करावा लागतो. मी भजनांना बहुधा काळी दोन किंवा पांढरी तीन धरतो. सकाळच्या पहिल्या गीताला त्याहून अर्धा सूर खाली, कारण तोवर कुणाचाच गळा तापलेला नसतो. दुपारच्या अंत्यविधीला आणखी खाली, कारण तेथे गळे भरून आलेले असतात. अलीकडे विजेच्या कीबोर्डावर एक बटण दाबले की पट्टी बदलते, आणि बोटे त्याच पट्ट्यांवर राहतात. सोय चांगली आहे. कीबोर्डातील तयार ठेक्याबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. माणसे श्वास घेण्यासाठी थांबतात, आणि यंत्र थांबत नाही.

आता आठवड्याकडे वळू. शुक्रवारी किंवा शनिवारी पाळकसाहेबांकडून गीतांच्या क्रमांकांची चिठ्ठी येते. शनिवारी संध्याकाळी गायकवर्ग जमतो. कुणी दुकान बंद करून, कुणी शिकवणी आटोपून येतो. त्यात पाऊण तास जमण्यात जातो आणि पाऊण तास गाण्यात. रविवारी प्रवेशगीत, पापांगीकारानंतरचे गीत, उपदेशाआधीचे, दान गोळा करतानाचे, आणि शेवटी आशीर्वचनानंतरचा ‘आमेन’. दान गोळा करतानाचे गीत सर्वांत अवघड, कारण ते किती कडव्यांचे होणार हे तबक किती वेगाने फिरते ह्यावर असते. डोळा तबकावर ठेवून एक कडवे वाढवायचे की तेथेच समेवर आणायचे, हे मला दर आठवड्याला नव्याने ठरवावे लागते. डिसेंबरात कॅरलच्या फेऱ्या निघतात. थंडीत हातपेटी गळ्यात अडकवून गल्लोगल्ली हिंडावे लागते, बोटे आखडतात, आणि प्रत्येक घरी चहा होतो. मे महिना लग्नांचा. शुभ शुक्रवारची उपासना बाराला सुरू होते ती तीनपर्यंत चालते, आणि त्या तीन तासांत पेटी जितकी कमी वाजेल तितकी चांगली.

मोबदल्याविषयी विद्यार्थी संकोचाने विचारतात, म्हणून लिहितो. लग्नात पाकीट मिळते. रविवारचे काही घ्यावयाचे नसते. अंत्यविधीचे तर कुणी देऊ केले तरी घेऊ नये, असा आमच्याकडचा रिवाज आहे. मोठ्या शहरांतील प्रमुख चर्चना पगारी वादक ठेवणे परवडते. परंतु पगारी वादकांचा मुकुटमणी जो योहान सेबास्टियन बाख, त्याचीही स्थिती पाहण्यासारखी आहे. 1723 पासून 1750 साली मृत्यू येईपर्यंत तो जर्मनीतील लाइपझिग शहरी संत थोमाच्या शाळेचा संगीतशिक्षक होता. शहरातील मुख्य चर्चच्या संगीताची जबाबदारी त्याच्यावर असे, शिवाय मुलांना शिकविणे होतेच. त्याची मिळकत वर्षाला सुमारे 700 थालर. मात्र तिचा मोठा हिस्सा लग्ने आणि अंत्ययात्रा ह्यांच्या दक्षिणेचा होता. 1730 साली एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो कुरकुर करतो, की गेल्या वर्षी हवा निरोगी राहिल्याने माणसे कमी मेली, आणि आपले शंभरांहून अधिक थालर बुडाले. हे वाचल्यावर भिंगारचा रिवाज मला अधिक बरा वाटू लागला. निदान आमच्या पेटीमास्तराला गावाचे आरोग्य जिवावर येत नाही!

गोव्यात निराळी व्यवस्था होती. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी नाव कमावले. त्यांची चाल कागदावर होती. आमची स्मरणात राहिली, आणि स्मरण माणसाबरोबर जाते.

येथे माझ्या मनाला लागून राहिलेल्या गोष्टीकडे येतो. एखादा वृद्ध पेटीमास्तर वारला, की त्याच्याबरोबर काही चाली जातात. गीत पुस्तकात असते, त्याला क्रमांक असतो, पण चिठ्ठीत तो क्रमांक येईनासा होतो, कारण सुरुवात कुणी करावयाची? पाळकसाहेब ओळखीचे दुसरे गीत निवडतात. कुणी काही मोडले नाही, कुणी काही नाकारले नाही, तरी दहा-पंधरा वर्षांत ते पद मुके होते. टिळकांसारख्या कवीचीही काही पदे आज माझ्या ऐकण्यात कोठेच येत नाहीत. मराठीचे विद्यार्थी ती कविता म्हणून वाचतात. ती गाण्यासाठी लिहिलेली होती, हे त्यांना सांगावे लागते.

ह्यावर उपाय म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक वही घातली. ज्या चाली आता एकदोघांनाच येतात त्या भातखंडे पद्धतीने लिहून ठेवतो: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली बिंदू आणि तारसप्तकाला वर. सम, टाळी, काल ह्यांच्या खुणा खालच्या ओळीत. भ्रमणध्वनीवर मुद्रणही करून घेतो, परंतु लिहिण्यावाचून चाल कळत नाही असा माझा अनुभव आहे. लिहू लागलो की प्रत्येक अक्षर कोठे पडते हे ठरवावेच लागते, आणि ऐकताना निसटलेली गोष्ट तेथे पकडली जाते. अर्थात सारे काही पकडता येत नाही. दोन स्वरांमधली मींड एका कमानीने दाखविता येते. पण म्हातारा गळा ती कोठे संथ करतो आणि कोठे टाकून देतो, हे कमानीत मावत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हे काम करावेसे वाटेल त्यांनी एक पथ्य पाळावे. गाणाराला पेटीची साथ प्रथम देऊ नये. पेटीचे सूर ठरीव असल्याने ते गळ्याला आपल्याकडे ओढतात. ह्याच कारणासाठी अनेक जाणकारांचा पेटीला विरोध होता, आणि 1940 ते 1971 पर्यंत आकाशवाणीने तिला बंदी केली होती. तेव्हा आधी नुसते गाऊन घ्यावे, दोनदा, तीनदा. षड्ज कोठे लागला तो मागाहून पाहावा. आणि चालीखाली गाणाराने ती कोठे शिकली त्या गावाचे नाव अवश्य लिहावे, कारण एकाच पदाची राहुरीची चाल आणि भिंगारची चाल एक नसते.

माझ्या वहीत सध्या एक पद अडून आहे. दोन वयस्क बहिणी ते गातात. लहानपणी दोघी एकाच घरात, एकाच आईपाशी शिकल्या. तिसऱ्या चरणात थोरल्या बाई कोमल निषाद घेतात, धाकट्या शुद्ध घेतात. दोघींना समोरासमोर बसवून मी तीनदा गाऊन घेतले, आणि तिन्ही वेळा तसेच झाले. मी पान दुभागून दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहिले आहेत, आणि पुढच्या रविवारी मंडळीला त्यांपैकी कोणता द्यावा हे अजून ठरलेले नाही.