नाताळच्या नाटिकेतला उजेड कॅमेऱ्यात धरताना

बुलढाणा, खामगाव, मलकापूर या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. इथल्या मंडळ्यांमध्ये नाताळ जवळ आला की संडे स्कूलची पोरं आणि तरुण संघ येशूजन्माच्या संगीत नाटिकेला लागतात. पेटी-तबला असतो, ना. वा. टिळकांची भजनं असतात आणि हल्ली भाड्याने आणलेले रंगीत एलईडी पार लाईटही असतात. फोटोग्राफरची खरी परीक्षा घेतात ते हेच पार.

रंगीत तालमीला जाच. बहुतेक ठिकाणी लाईट बांधले जातात तेच त्या संध्याकाळी. लाईटवाल्याशेजारी बसा आणि कोणत्या प्रवेशाला कोणता रंग, अंधार कधी, धूर कधी हे कागदावर टिपून घ्या. कुठे उभं राहायचं ते पाळकसाहेबांना आधीच विचारा. मधली वाट अडवायची नाही आणि पहिल्या रांगेतल्या आज्यांसमोर तर मुळीच उभं राहायचं नाही. फ्लॅश बंद. फ्लॅश मारला की हेरोदाच्या दरबारातला लाल रंग धुऊन निघतो आणि उरतो तो शाळेच्या गॅदरिंगचा फोटो. कॅमेऱ्याचा पुढचा फोकसचा दिवा आणि टुकटुक आवाजही बंद करा.

आता पट्ट्यांची चाचणी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन येतं आणि उजेड सारखा राहतो. एलईडी पारची गोष्ट वेगळी. मंद करताना ते फार वेगाने चालू-बंद होतात. डोळ्यांना कळत नाही, पण फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या उमटतात. म्हणून तालमीत प्रत्येक रंग अर्ध्यावर आणायला सांगा आणि १/१००, १/१६०, १/२५० असे फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघा. ज्या वेगाला पट्ट्या येत नाहीत तोच त्या रात्रीचा वेग. मिररलेस कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर इथे दगा देतं, कारण ते चित्र ओळीओळीने वाचतं. उपासनेच्या जागी ‘खट्’ आवाज नको वाटतो खरा, पण पेटी सुरू असताना तो कुणाला ऐकू जातो?

एक्स्पोजर हाताने ठरवा. रंगमंचाचा बराचसा भाग काळा असतो. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा त्या काळ्याला उजळवू पाहतो आणि मरियेचा चेहरा पांढराफटक होतो. स्पॉट मीटरिंग चेहऱ्यावर धरा. सुरुवातीला एफ २.८, १/१०० आणि आयएसओ १६०० ते ३२०० ठेवून तिथून कमीजास्त करा. किट लेन्सपेक्षा ५० मिमी एफ १.८ची स्वस्त लेन्स इथे जास्त कामाची.

सर्वांत जास्त फसवतो तो निळा. देवदूत येतो, पांढऱ्या सॅटिनच्या झग्यावर निळा पार पडतो. मीटर म्हणतो सगळं ठीक आहे, आणि फोटोत झग्याची एक चुणी दिसत नाही, नुसता निळा डाग. एकूण उजेड बेताचा असला तरी एकटा निळा रंग भरून वाहत असतो. म्हणून लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम बघा. निळा उजव्या कडेला चिकटला असेल तर एक ते दीड स्टॉप कमी करा. चुण्या आणि खांद्यावरच्या चमकीच्या झिरमिळ्या परत दिसू लागतात. फाइल रॉमध्येच घ्या.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, कारण तो दर फोटोला रंग ‘सुधारत’ बसतो. पांढरा पार चेहऱ्यावर असताना केल्विन ठरवून घ्या आणि तो पूर्ण प्रयोगभर तसाच राहू द्या. हेरोद लाल दिसतो तर लालच दिसू दे, दिग्दर्शकाला तेच हवंय.

किरणांचे झोत हवे असतील तर हवेत धूर हवा. मशीनमधून धूर सुटल्यावर लगेच ढग दिसतो. तो पसरू द्या, मग झोत आखल्यासारखे उभे राहतात. दिवा पात्रांच्या मागे किंवा बाजूला असेल अशी जागा घ्या, हूड लावा, यूव्ही फिल्टर काढा, नाहीतर चित्रात भुतासारखे ठिपके येतात.

मोबाइलवाल्यांनी नाइट मोड टाळावा. तो अनेक फोटो जोडतो, त्यात नाचणारे मेंढपाळ फराटे होतात. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओचे वरचेच आकडे लावा.

शेवटच्या मेणबत्त्यांच्या गीताला आयएसओ ६४००, १/६०. पिवळेपणा पूर्ण काढू नका. बुलढाण्याच्या थंडीतून गर्दीच्या सभागृहात शिरलात तर लेन्सवर दव धरतं, म्हणून कॅमेरा काही वेळ बॅगेतच राहू द्या.

फोटो वाटण्याआधी मुलांच्या आईवडिलांना विचारा. लाईटवाल्याला पूर्ण रंगमंच दिसणारे फोटो वेगळे द्या. पुढच्या वर्षी पार कुठे बांधायचे ते त्यावरून ठरवता येतं.