बाम, बर्फ आणि ओला पंचा

हॉस्टेलमध्ये कुणाचा पाय मुरगळला की लगेच तीन पक्ष पडतात. एक म्हणतो बाम चोळ, दुसरा म्हणतो बर्फ लाव, तिसरा ओला पंचा गुंडाळायला सांगतो. तिन्हींनी गार वाटतं हे खरं. पण त्वचेचं तापमान खरंच किती उतरतं?

बाम लावल्यावर जवळजवळ काहीच नाही. त्यातलं मेंथॉल त्वचेच्या नसांमधल्या टीआरपीएम८ या प्रथिनाला चाळवतं. एरवी हे प्रथिन त्वचा साधारण २६ अंशांखाली गेली की मेंदूला वर्दी देतं. ते २००२ साली सापडलं. ते शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. थोडक्यात, सेन्सर फसला, तापमान जिथल्या तिथे!

ओल्या पंचाचं गणित वेगळं. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेतं, तर एक ग्रॅम बर्फ वितळताना फक्त ०.३३. मग पंचा जिंकला का? नाही, कारण तो वेट बल्ब तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंश आणि १५-२० टक्के आर्द्रता असली तर ही मर्यादा पंचविसाच्या आसपास येते. पण जुलैत गडचिरोलीला पावसाची झड लागली की पंचा वाळतच नाही. आपल्या रूमचा कूलर तेव्हा का रुसतो, त्याचंही उत्तर हेच.

बर्फाने मात्र त्वचा दहा-पंधरा मिनिटांत १०-१५ अंशांपर्यंत येते आणि दुखणं बधिर होतं. आत काय होतं? चरबीची उष्णतावाहकता ०.२ च्या आसपास, स्नायूची ०.५. म्हणजे चरबी हे चक्क इन्सुलेशन! स्नायू उशिरा आणि थोडाच गार होतो, आणि बर्फ काढून त्वचा कोमट झाली तरी तो काही वेळ गार होतच राहतो. म्हणून वरून बधिर झालं की 'अजून आत पोचलं नाही' म्हणून बर्फ दाबून धरू नये.

आमच्या एका रूम पार्टनरने फ्रीझरमधला जेल पॅक थेट घोट्यावर ठेवला आणि क्रिकेटची मॅच बघत बसला. मॅच संपली तेव्हा तिथे फोड! वितळणारा बर्फ शून्यावर थांबतो. फ्रीझरमधला पॅक उणे १८ चा असू शकतो. मध्ये ओला रुमाल ठेवा, १५-२० मिनिटांत काढा.

बरं, बर्फाने सांधा लवकर बरा होतो असंही नाही. 'राईस' हा उपचार १९७८ साली लोकप्रिय करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. तेव्हा बर्फ दुखण्यापुरता. पायावर भार टाकताच येत नसेल तर एक्स-रे काढा.

आणि उन्हात कुणी बरळायला लागला, तर तिथे नुसती कपाळावरची पट्टी कामाची नाही. सावलीत न्या, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सगळ्या अंगावर पाणी ओतत वारा घाला.